निरंक

एकोणिसावा बस्ता सोडला तेव्हा
गाठीतून आधी कापराचा वास आला,
मग वाळवीची माती,
मग सय्यद बुऱ्हाण.

हुद्दा कीटक-जमादार, मुक्काम जालना.
पगार चौदा रुपये हाली, सायकल स्वतःची.
पत्रं मराठीत, तारखा फसलीतल्या,
आणि अक्षर असं की ओळ संपत आली की
शेवटचे शब्द एकमेकांना खेटून उभे राहतात
आडावरच्या घागरींसारखे.

माझं काम कुंचल्यानं धूळ झटकायची,
पान काचेखाली ठेवायचं, फोटो, नंबर.
वाचायचे पैसे मिळत नाहीत.

"हुजूरनी कळवलं की आफ्रिकेत पिवळा ताप आहे
आणि तो डासाच्या तोंडून येतो.
डास आपल्याकडं आहेच,
ताप तेवढा यायचा राहिलाय.
हुकुमाप्रमाणं कादराबादेत साठ घरं तपासली.
रांजण, डेरे, नांदी, एक फुटकी मोट,
भांडी एकशे बारा. अठ्ठ्याण्णवांत किडे.
बाया विचारतात, पिवळा म्हंजी कावीळच ना?
तिच्यावर तर आमच्याकडं माळ हाय.
पिवळ्या तापाचे रोगी: निरंक."

खुर्दाद, निरंक.
तीर, निरंक.
अमरदादमध्ये पंक्चरचे दोन आणे मागितलेत.
निरंक.

एका पत्राला जोडून आगपेटी.
आत टाचणीला टोचलेला डास,
काळ्या पायांवर पांढरे पट्टे.
टाचणी पार गंजलीय.
पट्टे मात्र काल चुन्यानं ओढल्यासारखे.

डॉक्टर पिंगळीकरांचं उत्तर टंकलेलं, कोरडं:
दर सातव्या दिवशी रांजण पालथे करून
उन्हात वाळवावेत, अशी सक्त ताकीद द्यावी.
ताप आलाच तर विमानातून येईल.

त्यावर बुऱ्हाण, घाईतल्या अक्षरात:
"विमान मी पाहिलेलं नाही.
रांजण पाहिलेत.
आमच्या आडावरची पाळी आठव्या दिवशी येते, हुजूर.
सातव्या दिवशी काय पालथं करू?
काल गोदूबाई भालमोडे रांजणाला मिठी मारून बसली.
म्हणाली, आधी मला पालथी कर.
मी ताकीद दिली नाही.
त्यांच्याकडूनच तांब्याभर पाणी पिऊन आलो.
गाळून दिलं त्यांनी, पदरातून."

या पत्रावर लाल शाईत फक्त एक आडवी रेघ आहे.
कुणाची, ते कळत नाही.

चार वर्षांनंतरचा कागद:
रोग न आल्याकारणानं
सदर जागा कमी करण्यात येत आहे.
खाली पोच. "कंदील सरकारी होता, जमा केला.
भिंग चुकून माझ्याकडं राहिलंय.
कळवावं, म्हणून कळवलं."
पुढं बस्त्यात काहीच नाही,
नुसता दोरा.

गेल्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ
सरकारी दवाखान्यात, बेड नंबर नाही, खाली सतरंजीवर.
प्लेटलेट अठरा हजार.
सिस्टर भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवून म्हणाली,
हाच तो, पांढऱ्या पट्ट्यांचा,
ड्रम-बिम कोरडे ठेवत जा की गं.
मी म्हटलं, हो.
तेव्हा बुऱ्हाण मला भेटलेला नव्हता.

साहेब म्हणाले, विषयाच्या रकान्यात
"पिवळा ताप, पत्रव्यवहार" एवढंच टाक.
टाकलं.
मग कर्सर तिथंच लुकलुकत ठेवून
बराच वेळ बसले.
"पाणी" असं लिहून पाहिलं, खोडलं.

घरी आले तर नळाचा अकरावा दिवस.
उद्या येणार, असं परवापासून ऐकतेय.
मोबाइलची बॅटरी लावून निळ्या ड्रममध्ये पाहिलं.
उजेड पडताच ते सगळे
वळवळत तळाकडं गेले.

अर्धी बादली ओढणीतून गाळून घेतली.
ओढणीवर राहिलेले मोजले, अठ्ठेचाळीस.
वहीच्या मागच्या पानावर तारीख घातली,
घर एक, भांडं एक,
आणि रोग्यांच्या रकान्याशी थांबले.
भाऊ आत झोपलाय,
अजून जिना चढला की दम लागतो त्याला.